कासवाचा पासवर्ड

मंगळवार, ४ मार्च

फुटलं! गेमचं दुकान फुटलं!

आम्ही सगळे ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतो आणि ज्याच्याच दारातून आत जाऊन खेळतो, तिथे चोर शिरले. टोपणनावं, ईमेल, पासवर्ड, सगळं गठ्ठ्यानं उचलून नेलं. सकाळी दुकानाचं पत्र आलं. ‘आपली सुरक्षितता आम्हाला सर्वांत प्रिय आहे.’ हो का? मग कडी का नाही लावली?

पत्र वाचता वाचता मी दातांच्या लॅबमध्ये वरचे पटाशीचे दात खालच्या कवळीत बसवले. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणारी पोरगी म्हणाली, “मावशी, हा पेशंट हसला तर घरचे पळून जातील.” सगळं मेण वितळवून पुन्हा लावावं लागलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

दुपारी दोनला लॅब जेवणासाठी बंद झाल्यावर लॅबच्याच कॉम्प्युटरवर बसले. गेममधल्या आमच्या बंदरावर हलकल्लोळ. झुरळ नावाचा आमचा गडी म्हणत होता, “माझा पासवर्ड १२३४५६ होता. चोराला माझी कीव आली असेल!” गप्पांच्या पाटीवर एकाला त्याच्या साहेबानं ते पत्र वाचताना पकडला होता — कामाच्या वेळात नऊशे तास खेळलाय म्हणे. दुकानानं नुकसानभरपाई म्हणून प्रत्येकाच्या खेळगड्याला एक टोपी फुकट दिली. त्यावरून तर लोक जास्तच भडकले. आधी टोपी घातलीत, आता वर ही आणखी एक!

कासव मात्र शांत. एवढंच लिहिलं, “आधी होडी भरू. वजन बघून. मग रडू.”

माझं पोर ते!

बुधवार, ५ मार्च

काल घाईत लिहिलं. आज नीट लिहिते, म्हातारपणी वाचायला.

आमचे हे आपल्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करतात. वाण्याचे, भंगारवाल्याचे, सोनाराचे. लेकाला दुकानात बसवायचं होतं. तो म्हणाला, “बाबा, हा धंदा मेला.” हे म्हणाले, “मग माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.” झालं. त्याला दोन वर्षं झाली. दोघंही एकाच मातीचे, कोण आधी वाकणार! माझ्याशी लेक रविवारी फोनवर बोलतो — बरा आहे, काम आहे, ठेवतो. की ठेवला.

तो शाळेपासून हा बंदराचा गेम खेळायचा. होड्या भरायच्या, पाठवायच्या, बुडल्या की रडायचं. तिथलं नाव कासव. तो घर सोडून गेल्यावर महिन्याभरानं मी लॅबच्या ईमेलवरून खातं काढलं — मला तेवढं एकच पाठ होतं — आणि शोधत शोधत कासवाचं बंदर गाठलं. नाव घेतलं अक्कलदाढ. म्हटलं, मी एक निवृत्त गृहस्थ आहे. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार मी पुरुष! ‘आलो’, ‘गेलो’, ‘जेवून आलो’, आणि कासवाला रोज ‘जेवलास का?’ एकदा घरातही तोंडातून गेलं, “मी आंघोळ करून आलो.” ह्यांनी वर्तमानपत्र खाली करून बघितलं आणि पुन्हा वर केलं.

लेक फोनवर बोलत नाही ते कासव तिथे बोलतो. फार नाही. पण एकदा लिहिलं होतं, “घरच्या माणसाला नको ते बोललो. आता तोंड कसं दाखवू?” त्या दिवशी मी लॅबच्या मोरीत जाऊन रडले.

गुरुवार, ६ मार्च

यादी बाहेर आली. पॉलिशवालीनं काढून दाखवली, टोपणनाव आणि पुढे ईमेल. कासवापुढे लेकाचं शाळेतलं ईमेल. आणि अक्कलदाढीपुढे ह्या लॅबचं! लेकाला ही लॅब न ओळखायला काय झालं? शाळा सुटली की इथेच बाकावर बसून प्लॅस्टरचे जबडे एकमेकांवर आपटायचा.

त्यानं यादी उघडली की संपलं. आई दोन वर्षं मिशा लावून आपल्यावर नजर ठेवते! मग रविवारचा फोनही गेला.

पॉलिशवाली म्हणते, “मावशी, तुम्हीच सांगून टाका ना.” सांगणं सोपं असतं तर मी अक्कलदाढ कशाला झाले असते?

शुक्रवार, ७ मार्च

कासवानं यादी बघितलेली दिसत नाही. “मला ते उघडता येत नाही,” म्हणाला. देव पावला.

शनिवार, ८ मार्च

ह्यांनी आठवडाभर कानात कापसाचे बोळे घातलेत. “वारा जातो,” म्हणतात. पंखा बंद, खिडकी बंद, वारा कुठून आला? संध्याकाळी दळण, विजेचं बिल, गळका नळ असं सगळं सांगून झालं आणि मग लक्षात आलं, मी कपाटाशी बोलतेय. बोळे ओढून काढले तर म्हणाले, “ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलंय. फार शहाणा माणूस.”

मी सांगितलेलं कधी ऐकलं नाही जन्मात. आता गृहस्थ सांगतायत तर कापूस काय, विटा घालतील कानात!

सोमवार, १० मार्च

दुकानाचं दुसरं पत्र. शुक्रवारी दुपारी एक वाजता सगळे जुने पासवर्ड बंद. नवा घ्यायचा तर ज्याच्या त्याच्या ईमेलवर चिठ्ठी आलीय, ती उघडून घ्यायचा. ज्याला ईमेल उघडता येणार नाही त्याचं खातं मिटलं.

माझा नवा पासवर्ड झाला. झुरळाचाही झाला (१२३४५६७, सुधारणा आहे). कासवाला विचारलं. त्यानं लिहिलं, “ते ईमेल माझ्याकडे नाही. मी शुक्रवारी जाणार. तुमची सवय झाली होती, गृहस्थ.”

मी लगेच लिहिलं, “दुसरं खातं काढ!”

“मला नाही जमणार.”

लहानपणापासून ह्या यंत्रांत मुंडकं घालून बसलेला पोरगा, आणि एक खातं काढता येत नाही? म्हणजे काढायचंच नाही. कंटाळला. किंवा यादी बघितली आणि मला कळू न देता निघतोय.

जेवले नाही. डबा तसाच परत आणला. ह्यांनीही तसाच आणला होता! दोन डबे ओट्यावर शेजारी शेजारी. विचारलं तर म्हणाले, “भूक नव्हती.”

मंगळवार, ११ मार्च

आज कासव होड्या सोडून बसला होता. झुरळानं दोन बुडवल्या तरी रागावला नाही. झुरळच घाबरला. “काका, ह्याला काहीतरी झालंय, तुम्ही बोला.” आणि शहाण्यासारखा बाहेर गेला.

मी लिहिलं, “जाण्याआधी एक काम कर. घरी फोन कर. ज्याला बोललास ना, त्याला.”

“काय बोलू?”

“काहीही. जेवलास का विचार.”

“मोठ्यानं करावा की लहानानं?”

मला वाटलं, बघा, अजून ताठा! वडील मोठे, त्यांनी आधी करावा असं ह्याच्या मनात आहे. लिहिलं, “ज्याला जास्त आठवण येते त्यानं.”

मी एक होडी भरली. कासवाच्या होडीवरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे माणूस बसलेला होता. मग आलं, “आणि त्यानं उचलला नाही तर?”

“उचलेल रे,” असं लिहिलं आणि पुढे बाळा लिहिणार होते. खोडलं.

बुधवार, १२ मार्च

हे आज अर्धा तास उशिरा आले. कानात बोळे नाहीत. डोळे लाल. म्हटलं, काय झालं? “काट्याची धूळ गेली.” जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात घास घातला. हे असे! ह्यांच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा लोकांचे दात काढणं सोपं.

लेकाचा फोन ह्यांना आला का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

गुरुवार, १३ मार्च

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

संध्याकाळी लेकाचा फोन. गुरुवारी! रविवार नसताना! म्हटलं, मेले, यादी बघितली. तर म्हणाला, “आई, काल बाबांचा फोन आला होता.”

मी म्हटलं, “तू केलास ना त्यांना?”

“नाही गं. त्यांनीच. आधी विचारलं, जेवलास का. मग काही बोलेचनात. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, मी चुकलो, घरी ये. आई, बाबा! चुकलो म्हणाले!”

मी रडत होते, तो हसत होता, मग उलटं झालं. पुढच्या शनिवारी येतोय. गादी उन्हात टाकायला हवी.

पण मला काही जुळेना. मी सांगितलं कासवाला, आणि फोन केला ह्यांनी? योगायोग म्हणावा तर कसा?

आणि ठेवता ठेवता लेक म्हणाला, “अगं, आणखी एक गंमत. त्या गेमच्या दुकानाचं पत्र आलं जुन्या ईमेलवर. माझं कासवाचं खातं कुणीतरी चोरलंय! मी घर सोडल्यापासून तो गेम उघडलासुद्धा नाही. आणि इथे कुणीतरी दोन वर्षं माझ्या नावानं खेळतंय. कधी, तर रोज दुपारी दोन ते चार! मी त्या वेळी कामावर असतो. काय चोर आहे, वेळेचा किती पक्का!”

दोन ते चार.

दोन वाजता हे दुकानाचं शटर अर्धं ओढतात. चारला उघडतात. आत लेकाचा जुना कॉम्प्युटर तसाच आहे, त्याच्या खात्यासकट. मीच कितीदा म्हटलंय, भंगारात द्या.

वजन बघून होडी भरणारा कासव. खातं काढता न येणारा कासव. मी म्हणत होते, बापाचाच मुलगा! अगं बाई, बापच तो! तिकडे ते शटरमागे बसून लेकाला शोधायला गेले, इकडे मी जबड्यांमध्ये बसून. आणि लेक दोघांपैकी कुणालाच नाही सापडला. आम्हीच एकमेकांना सापडलो.

आणि कापूस! कासवानं मागे विचारलं होतं, “घरात एकजण फार बोलतं, काय करावं?” मला वाटलं, लेकाचा खोलीतला जोडीदार असेल. मीच लिहिलं होतं, “कानात बोळे घाल. खुशाल घाल.”

मीच ती एकजण! आणि मीच तो शहाणा गृहस्थ! हसून हसून पोट धरलं. मग जरा रागही आला. मग ते वाक्य आठवलं, घरच्या माणसाला नको ते बोललो, तोंड कसं दाखवू. ते ह्यांनी लिहिलं होतं. ह्यांनी! मला वाटायचं, हा माणूस विसरला. तो रोज दुपारी लेकाचं नाव घालून बसत होता.

लेक पलीकडून, “आई, हसतेस काय? मी ते खातं आता बंद करून टाकतो.”

“खबरदार! चोर घरचाच आहे. नवा पासवर्ड घे आणि मला सांग.”

घेतला. सांगितला. इथे लिहिणार नाही, एवढं तरी आठवडाभरात शिकले.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी ह्यांच्या डब्यात चिठ्ठी घातली, पोळ्यांच्या वर. नवा पासवर्ड. खाली सही: अक्कलदाढ.

दोन वाजले. झुरळ आला, मी आले. कासव नाही. दोन वाजून सहा मिनिटं, नाही. झुरळ म्हणाला, “गेला बिचारा.” दोन वाजून अकरा मिनिटांनी होडीवरचा दिवा लागला. बराच वेळ लुकलुकत होता — लिहितायत, खोडतायत, पुन्हा लिहितायत. दोन वर्षं मी रोज विचारलं आणि ह्यांनी उलट एकदाही विचारलं नव्हतं, ना इथे, ना घरी.

मग आलं. “गृहस्थ, जेवलीस का?”