शेवटच्या पंधरा मिनिटांत डोळे हलतात

मी, एमिल योसेफ टोमको, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा आधी पाववाल्याच्या गाडीवर चालक व नंतर एकेचाळीस वर्षे फुटबॉलचा पारखी, राहणार कार्व्हर्स बेंड, ओहायो, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. कान मात्र असे शाबूत आहेत की शेजारच्या अंगणात कुणी माझे नाव काढले तर मी इथून उत्तर देतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझी मुलगी पॉलीन हिने दडपण आणून पाहिले, जमले नाही.

हे वाचणारे न्यायाधीश फुटबॉल बघणारे नसतील तर त्यांच्यासाठी एकदाच सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो गडी. फ्रिजएवढी चार माणसे त्याला आडवे करायला धावत येतात आणि चेंडू कुठे फेकायचा हे त्याला अडीच सेकंदांत बघावे लागते. दर एप्रिलमध्ये मोठे संघ कॉलेजांतली पोरे पाळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोणता पोरगा पुढे टिकेल हे आधी सांगणे हे माझे काम. हे कुणाला आधी सांगता येते का, असा प्रश्न न्यायाधीशांना पडेल. मलाही पडत असे, पण महिन्याच्या महिन्याला पगार येत होता.

कलम १. यापूर्वी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे मी जावयावर रागावून केले होते आणि त्यात क्रेगच्या वाट्याला फक्त बर्फ उपसायचे फावडे होते. तो राग गेला. फावडे पॉलीनला.

कलम २. राहते घर, त्यामागची बाग, बँकेतली सर्व शिल्लक आणि ब्यूक गाडी ही माझी एकुलती एक मुलगी पॉलीन हिला द्यावी. व्यवस्थापकही तीच. घर विकले तरी चालेल, फक्त स्वयंपाकघरातल्या भिंतींवरचा पिवळा कागद काढण्यापूर्वी मला पुरलेले असावे. तो कागद माझी बायको डोलोरेस हिने लावला होता. एका कोपऱ्यात उलटा लागला, हे तिने सव्वीस वर्षे मान्य केले नाही.

कलम ३. चर्चच्या तळघरात शुक्रवारी बटाटा भरून उकडलेले पिरोगी करणाऱ्या बायकांना माझा मोठा फ्रीजर द्यावा. एकच विनंती. कांदा लोण्यात परतायचा असतो. तेलात परतलेला मला वरूनही कळेल.

कलम ४. हर्ब स्टाइनमेट्झ, दुसऱ्या संघाचा पारखी आणि माझा सगळ्यांत जुना वैरी व मित्र, याला माझे स्टॉपवॉच द्यावे. ते किंचित हळू चालते. त्यामुळे माझ्या वहीत सगळी पोरे होती त्याहून चपळ दिसली, ही गोष्ट मला निवृत्तीच्या दिवशी कळली. माझी घडीची खुर्ची त्याने १९८७ साली डेटनच्या मैदानावरून उचलली, ती त्याच्याकडेच राहू द्यावी. माफ केलेले नाही, फक्त राहू देतो आहे.

कलम ५. माझ्या एकेचाळीस वह्या जावई क्रेग याला द्याव्यात. क्रेग एका संघात संगणकावर आकडेमोड करतो. मागच्या नाताळात त्याने अक्रोडाच्या रोलचा तुकडा तोंडात असतानाच मला छेडले.

"बाबा, तुमच्या वह्यांचा कुणी हिशेब मांडलाय का कधी? म्हणजे किती बरोबर, किती चूक?"

"तुझ्या संगणकाचा मांडलायस का?"

"मांडलाय. वाईट आहे. म्हणून तर तुमचा विचारतोय."

मला हसू आले आणि राग येईना, म्हणून जानेवारीभर बसून मी तो मांडला. एकूण दोनशे बारा क्वार्टरबॅक. त्यांपैकी एकतीस जणांपुढे मी "पक्का" असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यांतले तेरा टिकले. ज्यांच्यापुढे "नको" लिहिले, त्यांतले नऊ जण पुढे इतके खेळले की माझ्या मालकाने त्या संघांकडून हरल्यावर मला फोन केले. डोलोरेस टीव्हीवर पोराची मुलाखत बघून "हा आईला फोन करणारा दिसतो" किंवा "हा नाही करत" एवढेच म्हणायची. तिची मते मी वह्यांच्या समासात गमतीने टिपून ठेवली होती. बारापैकी सात बरोबर. यापुढे कुणी मला जाणकार म्हटले तर त्याला ही वही दाखवावी.

आम्ही मोजायचो काय? उंची, वजन, चेंडू किती लांब जातो, आणि हाताची वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साडेनऊ इंच भरली की खोलीभर माना डोलायच्या. आणि ज्यावर सगळे अवलंबून, ते त्या अडीच सेकंदांत कातडीच्या आत होते. तिथे टेप पोचत नाही. शिवाय बरा पोरगा भिकार संघात गेला की तीन वर्षांत मोडतो, आणि ज्याने "नको" लिहिलेले असते तो शहाणा ठरतो. क्रेगने हे सगळे संगणकात घालावे आणि मग माझ्याइतकेच गोंधळात पडावे, अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. हे कलम तीनदा लिहिले. हेच खरे मृत्युपत्र आहे, बाकीचे फर्निचर.

वेड लॉफ्टिस हा आमच्याच गावचा. त्याला मी तो आठवीत असल्यापासून खेळताना बघत आलो. १९९३ च्या नोव्हेंबरात, कॉलेजातल्या त्याच्या शेवटच्या हंगामात, मी त्याच्यावर जे लिहिले ते असे: "घाबरत नाही. चेंडू उशिरा सोडतो, पण बघून सोडतो. घ्यावा." खाली दोन रेघा.

त्यानंतर जानेवारीत अलाबामात कॉलेजांतली पोरे पारख्यांना दाखवण्याचा दरवर्षीचा सामना होता. त्या आठवड्यात सगळ्या संघांचे पारखी एकाच हॉटेलात उतरतात, एकाच कढईतली अंडी खातात आणि एकमेकांशी खोटे बोलतात. जो पोरगा आपल्याला हवा, त्याला नावे ठेवायची, म्हणजे दुसरा कुणी आधी उचलणार नाही. ही आमच्यातली रीत. मी तशीच पाळली. सकाळी हर्ब समोर येऊन बसला.

"काय रे एमिल, तुझा गाववाला कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हणालो, आणि वॅफलवर पाक ओतता ओतता पुढचे जोडले, "पण शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचे डोळे हलतात बुवा. माणसं अंगावर आली की त्याला पुढचं दिसेनासं होतं."

"खरं की काय?"

"मी आपलं बघितलेलं सांगितलं."

बघितलेले काहीही नव्हते. वॅफल गरम होता आणि वाक्य सुचले.

दीड महिन्याने इंडियानापोलिसला मोजमापाचा आठवडा होता. तिथे मी माझे हे कान घेऊन फिरत होतो. लिफ्टमध्ये एकजण म्हणाला, "लॉफ्टिसचे डोळे हलतात." लॉबीत दुसरा, "शेवटी शेवटी त्याला दिसत नाही म्हणे." न्हाव्याच्या खुर्चीत तिसरा. चौथ्याने तर हलणाऱ्या डोळ्यांची नक्कल करून दाखवली. चार वेगवेगळ्या संघांची चार अनुभवी माणसे. मी माझ्या खोलीत आलो आणि मला वाटले, चौघांना दिसले ते मला कसे दिसले नाही?

आपणच सोडलेली पुडी आपल्याकडे परत आली आहे, हे मला ओळखू आले नाही. तिच्यावर आता चार जणांच्या सह्या होत्या. मी फिल्म लावली, शेवटची पंधरा मिनिटे तेवढी बघितली. नऊ वेळा डोळे हलले. कुणाचेही हलतात, नाकावर माशी बसली तरी हलतात. मी "घ्यावा" खोडून "नको" लिहिले. एप्रिलमध्ये सगळ्या संघांनी मिळून दोनशेवर पोरे निवडली, त्यांत वेड नव्हता. एका संघाने उन्हाळी शिबिराला बोलावले आणि तीन आठवड्यांत घरी पाठवले. जाताना तिथल्या कुणीतरी त्याला दयेपोटी कारण सांगितले. तेच, माझे.

तो गावी परतला. शाळेत सुतारकाम शिकवतो. एकोणीस वर्षे शाळेच्या संघाचा सहायक प्रशिक्षक आहे आणि सामन्याच्या वेळी मैदानावर न थांबता वर काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसतो. मुख्य प्रशिक्षकाची जागा त्याला दोनदा देऊ केली, दोनदा नको म्हणाला. या जुलैत ती तिसऱ्यांदा रिकामी झाली. शाळेच्या मंडळाने आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितले आहे. तो माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतो, पन्हळी साफ करतो, आणि विचारले की म्हणतो, "ऐनवेळी ज्याला दिसत नाही, त्यानं मैदानाच्या कडेला उभं राहू नये, मिस्टर टोमको. पोरांचं नुकसान होतं."

हे मी किती हिवाळे ऐकून घेतले आणि त्याला कॉफी दिली.

म्हणून या कलमात मी असे लिहिले होते की तळ्याकाठची लाकडी खोप, होडी आणि धक्का वेड लॉफ्टिस याला द्यावा आणि सोबत वरील हकीकतीचे बंद पाकीट द्यावे. मंगळवारी माझ्या वकीलबाई रेनाटा ओगल यांनी हे वाचले आणि चष्मा काढला.

"मिस्टर टोमको, पाकीट तुम्ही गेल्यावर उघडायचं?"

"हो. तशीच पद्धत असते ना?"

"मग त्यानं भांडायचं कुणाशी? होडीशी?"

मी घरी आलो. काल सकाळी १९९३ ची वही काखेत मारून शाळेच्या सुतारशाळेत गेलो. सुट्टी होती, वेड एकटाच बाकांना पॉलिश करत होता. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले, वॅफलसकट. त्याने पॉलिशच्या डब्याचे झाकण लावले, नीट दाबून बसवले.

"म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं?"

"कुणीच नाही."

"चौघांपैकी एकानंही?"

"चौघांनी ऐकलं होतं. माझंच."

"एकोणीस वर्षं मी त्या काचेच्या खोलीत बसतोय, मिस्टर टोमको. तुमच्या न्याहारीपायी."

त्याने हात पुसले, वही मागितली. नोव्हेंबरचे ते पान त्याने दोनदा वाचले. मग खोडलेल्या "घ्यावा"वर बोट ठेवून त्याने मान वर केली.

"आणि हे तरी खरं कशावरून? क्रेग सांगत होता, तुमचे एकतीसमधले तेराच टिकले म्हणून."

या क्रेगचे फावडे मी काढून घेतले ते बरेच केले.

"कशावरूनही नाही," मी म्हणालो. "माझं चांगलं मतही तेवढंच पोकळ आहे. तुला दिसतं की नाही, हे कडेला उभा राहिलास तर तुझं तुलाच कळेल. मला विचारू नकोस, हर्बला तर मुळीच नको."

"तुम्ही जा आता," तो म्हणाला. "गाडी कशी आणलीत? त्या डोळ्यानं?"

"हळू."

"किल्ली द्या इकडे."

घरापर्यंत त्याने मला सोडले. उतरताना म्हणाला, "उद्या वकिलाकडे कितीला जायचंय? मी नेतो. तुम्ही कुणाला तरी माराल."

कलम ७. आज वकीलबाईंच्या कचेरीत दोन साक्षीदार हवे होते. एक त्यांच्या कारकून, दुसऱ्या बाई आजारी. वेड भिंतीला टेकून उभा होता.

"मी करतो सही," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही करता येणार," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला यात खोप मिळतेय. ज्याला मिळतं त्यानं साक्ष दिली तर त्याचं मिळणं जातं."

"जाऊ दे की."

"अरे, होडी आहे," मी म्हणालो. "धक्का गेल्या वर्षी नवीन केलाय."

"मिस्टर टोमको, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंत, मला वाचायलाही मिळालं नाही. आज तुमच्याबद्दल लिहायचंय. एवढी संधी मी होडीपायी घालवू?"

वकीलबाई हसल्या. मी हसलो नाही, पण बरे वाटले. सबब कलम ६ मधील देणगी रद्द समजावी. खोप, होडी व धक्का पॉलीनला. तिला मासे आवडत नाहीत, क्रेगला पाण्याची भीती वाटते, पण यावर उपाय मृत्युपत्रात नसतो. वेडला यातून काहीही नाही. त्याचे माझ्याकडे जे होते, ते काल दिले.

येणेप्रमाणे मजकूर मी वाचला, बाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: कार्व्हर्स बेंड, ओहायो
दिनांक: ३ ऑगस्ट २०२३

(सही) एमिल योसेफ टोमको

आम्हां साक्षीदारांसमक्ष वरील सही झाली.

१. (सही) ऑड्री पेनिंग्टन, वय ४४, धंदा कचेरीत कारकून. सही करणारे गृहस्थ शुद्धीवर होते, बोलत फार होते.

२. (सही) वेड लॉफ्टिस, वय ५१. यांचे डोके ठिकाणावर आहे. हे मी स्वतः बघून लिहितो, कुणाकडून ऐकून नाही. धंदा शाळेत सुतारकाम शिक्षक व फुटबॉलचा ~~सहायक~~ मुख्य प्रशिक्षक.

खाडाखोड मान्य. वे. लॉ.