लेटाचं खोगीर

१२ एप्रिल, माइल्स सिटी

पुन्हा नाही! लिलावात तीन जुनी खोगिरं होती. तिन्ही उलटीपालटी करून पाहिली, एकही लेटाचं नाही. तरी एक घेऊन आलोच. रिकाम्या हातानं परतवत नाही. तबेल्यात आता सतरा झाली.

जोलीन दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "बाबा, घोडे दोन आणि खोगिरं सतरा! बसणार कोण, बैल?" पोरीची जीभ आईवर, लेटावर गेलीय. जुन्या चामड्याचा छंद आहे, म्हणालो. अकरा वर्षं हेच सांगतोय तिला.

२० एप्रिल

वासरांना डाग द्यायचे दिवस आले. लेटा असती तर एव्हाना वासरं धरायचा दोर काढून बसली असती. डावखुरी बाई! सगळे दोर उजवीकडे अडकवतात, हिनं दोर अडकवायचा पट्टा खोगिराच्या डाव्या बाजूला शिवून घेतला. आख्ख्या मुलखात तसं दुसरं नव्हतं.

ती गेली त्या आठवड्यात मीच जोलीनला म्हणालो, "उचल ते. वीक, जाळ, काहीही कर. माझ्या डोळ्यांसमोर नको." गाढव मी! कसला गाढव!

२१ एप्रिल

नुसता वारा. तिची फार आठवण येते.

४ मे

सापडलं!!

बिलिंग्जच्या लिलावात. पट्टा डावीकडे! बोली लावायचंच विसरलो. शेवटी शेजारच्या बक रिंडलनं माझा हात धरून वर केला. "आज काय झालंय रे म्हाताऱ्या तुला?" पैसे भरले, खोगीर घरी आणलं.

तेल लावलं नाही, साबण नाही. तिच्या हातांचा मळ आहे तो. गाल टेकवून बसलो. तिच्याशी बोललोसुद्धा.

रिकिबी लेटाच्या पायांना जरा लांब वाटतात. मधल्या कुणा मालकानं खाली सोडल्या असतील.

६ मे

जोलीन अचानक तबेल्यात आली. मी खोगिराला मिठी मारून बसलेलो. लपवणार काय? म्हटलं, हे तुझ्या आईचं. कधीपासून शोधत होतो.

पोरगी रडायलाच लागली. "बाबा, हे आईचं नाही."

"तुला काय माहीत?" ओरडलोच मी.

"मी विकलंच नव्हतं ते! माझ्या घरी माळ्यावर आहे. तुम्हाला बघवणार नाही, म्हणून कधी बोलले नाही."

७ मे

जोलीन सकाळीच गाडी घेऊन गेली, ते आणायला. मी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. फाटकाशी उभा आहे.