काळ्या कडांची कलेजी

प्रिय दादा,

काल तुला तपासून झाल्यावर तू बाहेर गेलास, तेव्हा मी डॉक्टरांना एकटीनं विचारलं, तुझ्या आतड्याचा कॅन्सर माझ्या हातच्या खाण्यानं झाला का? वीस वर्षं दर रविवारी रस्सा शिजेपर्यंत तुझ्यासाठी मी शेगडीवर कलेजी भाजली. "अजून काळी कर की, उज्जू," तू म्हणायचास आणि मी करायचे.

डॉक्टर म्हणाले, रोजचं मटण, करपवलेलं मांस यानं धोका वाढतो; पण एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याचीच लाज वाटली.

आज तुझ्या घरी मऊ भात आणि मुगाचं वरण आणलं. डबा उघडून तू म्हणालास, "पावणं, घर चुकलासा काय? कलेजी कुठाय?"

"मटण मिळालं नाही," मी म्हटलं. रविवारी, कोल्हापुरात!

तू सगळं जेवलास. रिकामा डबा देताना म्हणालास, "मागत मी हुतो, उज्जू. तू नुसती भाजत हुतीस."

तू सगळं ओळखलंच आहेस, मग हे पत्र आता वहीतच राहू दे. तुझ्या एवढ्या बोलण्यानं मी खरंच सुटले का, मला ठरवता येत नाही. शेगडी मात्र माळ्यावर टाकली आहे.

तुझीच,
उज्जू