पोर्टोफिनोला जाऊन आल्यावर

१४ मार्च, शुक्रवार
श्री जमियाच्या सुपरमार्केटातून दूध आणायला गेला तो बऱ्याच वेळाने आला. हातात दूध नाही. म्हणाला, ट्रॅफिक होता. कुवेतमध्ये रमजानात भर दुपारी फाहाहीलला कसला ट्रॅफिक, रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं.
मग जेवताना आपणहून म्हणाला, "अबू हलिफाच्या बिल्डिंगखाली गाडी लावून बसलो होतो. म्हटलं तू खाली येशील."
ते घर सोडलं तेव्हा आमची ऋचा सातवीत होती. आता ती मिलानला एम.एस. करतेय.
मी भात कालवत राहिले. त्यानेही पुढचा घास घेतला.

१६ मार्च, रविवार
डॉक्टर फेब्रुवारीत बोलले ते अजून आम्हा दोघांतच आहे. त्या दिवशी लिफ्टमधून उतरताना श्री म्हणाला, "ऋचाला कळता कामा नये. प्लांटवर तर मुळीच नाही." नोकरी गेली की इकामा, इथे राहायचा परवाना, गेला, आणि मग इतक्या वर्षांचं घर आवरून नाशिकला. त्याचं वय सत्तावन्न. हे सगळं मला कळतं.
आज तो गोळ्यांच्या डबीवरचं लेबल नखाने खरवडत बसला होता. मी शाळेतले पेपर तपासायला घेतले. एकाच मुलीचा पेपर दोनदा तपासला.

२१ मार्च, शुक्रवार
मकरंद भेटला, जमियाच्या पार्किंगमध्ये. श्रीच्या हाताखाली आठ वर्षं आहे, पुण्याचा, घरच्यासारखा. ट्रॉली धरून नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, सर बरे आहेत ना?"
म्हटलं, का?
इकडेतिकडे बघून सांगितलं. कामगारांनी पाइप खोलायच्या आधी आत गॅस नाही, व्हॉल्व्ह बंद आहे हे बघून परमिटवर सही करायची, ती श्रीची जबाबदारी. मागच्या आठवड्यात त्याने एका पंपाची सही दिली. पंप चालू होता. मकरंद हेल्मेट विसरला म्हणून परत गेला, म्हणून दिसलं. दोन पोरं पाना लावून बसली होती.
"सरांना विचारलं तर म्हणाले, मी सही केलीच नाही. मी कुणाला बोललो नाही वहिनी. पण..."
त्याने ट्रॉली पुढेमागे ढकलली. मी म्हटलं, ईदच्या सुट्टीत ऋचाकडे जातोय, दमलेत, विश्रांती मिळेल. किती सहज आलं तोंडात.

२९ मार्च, शनिवार. मिलान
ऋचाची खोली माडीवर, लिफ्ट नाही. श्री खुशीत. जिना चढताना मुलीला पाइपांच्या गंजाबद्दल सांगत होता, सगळं अचूक. मला वाटलं डॉक्टरच चुकले.
ऋचाने दाराशी त्याला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. काय बघत होती?

३० मार्च, रविवार
पाडवा. इथल्या दह्याचा चक्का बरा झाला. श्रीखंड खाताना श्रीने ऋचाला विचारलं, "तुझी परीक्षा कधी?" तिने सांगितलं. थोड्या वेळाने परत विचारलं. तिने परत सांगितलं, त्याच सुरात. तिसऱ्यांदा मीच उठून पाणी आणायला गेले.

१ एप्रिल, मंगळवार
रात्री मिलानला परतताना गाडीत लिहितेय. श्री समोर झोपलाय, ऋचा खिडकीशी.
पोर्टोफिनोला जायचं ऋचाचं केव्हाचं ठरलेलं. सान्ता मार्गेरितापर्यंत रेल्वे, पुढे छोटी बोट. बोट वळली आणि गाव एकदम समोर आलं. पिवळी, गुलाबी, विटकरी घरं एकमेकांना चिकटून, पुढे घोड्याच्या नालेसारखा धक्का. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू. पण गाव म्हणावं तर गावात माणूस राहत नसावा. तळमजल्यावर पर्सेस, घड्याळं. काचेत किंमतच लावलेली नाही. भाजीवाला नाही, शाळा नाही, दोरीवर वाळत घातलेला कपडा नाही.
मी पोळीचे रोल करून नेले होते. चर्चच्या पायऱ्यांवर बसलो तर गणवेशातली बाई आली आणि हाताने उठा म्हणाली. बसून डबा खायचा नाही. उभ्यानेही नाही, असं ऋचाने भाषांतर केलं. मग चौकातल्या हॉटेलात कॉफी घेतली. बिल बघून श्री हसला, म्हणाला, "ह्यात आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा बकालावाला महिनाभर चहा पाजेल." अगदी नेहमीचा श्री.
वर टेकडीवर अजून एक चर्च आहे, तिथून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. श्रीचा गुडघा दुखत होता. "तुम्ही मायलेकी जाऊन या, मी बसतो इथेच." ऋचा म्हणाली मी थांबते. मीच म्हटलं, चल गं, बाबा काय लहान आहे का.
वर वारा होता. ऋचाने विचारलं, "आई, इज ही ओके?"
म्हटलं, दमलाय. प्लांटवर काम फार आहे.
"फोनवर मला मावशीच्या नावाने हाक मारतो तो. ट्वाइस. मी लहान नाहीये आई."
मी समुद्राचा फोटो काढला.
खाली आलो तर खुर्ची रिकामी. कॉफीचा कप तसाच. वेटरने खांदे उडवले. एवढंसं गाव, एक चौक, एक रस्ता, माणूस हरवणार कुठे? ऋचा बसथांब्याकडे पळाली, मी धक्क्याच्या कडेने. पाण्याकडे बघत चालले होते. पाण्यातच बघत होते.
मग आवाज आला. त्याचा, प्लांटवरचा. घरी तो असा कधीच बोलत नाही. "किसने खोला ये? आयसोलेट किया क्या? परमिट दिखाओ पहले."
धक्क्याच्या टोकाला मोठ्या पांढऱ्या बोटी. त्यातल्या एकीवर श्री. इंजिनाचं झाकण उघडून दोन खलाशी काही दुरुस्ती करत होते, डिझेलचा वास येत होता. हा त्यांच्या मध्ये गुडघ्यावर बसून हात आत घालून व्हॉल्व्ह बंद करत होता. एकाने दंड धरला तर त्याचा हात झटकला. "पीछे हटो. सब लोग पीछे हटो."
तो वेडा वाटत नव्हता. हेच लिहून ठेवायचंय मला. जे दोघं त्याला धरायला आले होते ते क्षणभर खरंच मागे हटले. ज्याच्या सांगण्यावरून माणसं मागे हटतात तोच माणूस होता तो. फक्त समोर प्लांट नव्हता.
लोक जमले. कॉफी हातात घेऊन बघत होते. कुणीतरी पोलिसांना बोलावलं, दोघं आले. पासपोर्ट मागितला. मी हिंदीत बोलत होते हे मला नंतर कळलं. ऋचा धावत आली, धापा टाकत इटालियनमध्ये बोलू लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं. आणि मग एक शब्द कळला. देमेन्त्सा. डॉक्टरांचाच शब्द, डिमेन्शिया.
पोलिसाचा चेहरा लगेच बदलला. टोपी काढली त्याने. बोटीची मालकीण, पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी, हाताने जाऊ द्या म्हणाली. एका खलाशाने श्रीचा हात फडक्याने पुसला. फार हळुवार पुसला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.
श्रीने तो शब्द ऐकला होता. तो उभा राहिला आणि एकदम लहान दिसायला लागला.
परतीच्या बोटीत तिघं एका बाकावर.
"ऋचा, तू काय सांगितलंस त्यांना?"
"की तू दमलायस, बाबा."
"असं," म्हणाला. आणि गावाकडे पाठ करून बसला.

२ एप्रिल, बुधवार
सकाळी चहा घेताना श्री ऋचाच्या रूममेटला सांगत होता, काल एका बोटवाल्याने मला इंजिन बघायला बोलावलं, मोठी सुरेख मशीन होती. इतकं नीट सांगत होता. इंजिन कुठल्या बनावटीचं तेसुद्धा.
खोटं सांगत होता की त्याला तसंच आठवतंय? मला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ओळखता आलं नाही.
ऋचाने मला जिन्यात गाठलं. "यू न्यू. औषधाच्या चिठ्ठीवर फेब्रुवारीची तारीख आहे, तेव्हापासून तुला माहीत होतं."
"त्याने शपथ घातली होती."
"आणि तो अजून सही करतो? लोक त्याच्या सहीवर पाइप खोलतात?"
मकरंदने सांगितलेलं तिला सांगितलं. ती जिन्यावर बसली. रडेल वाटलं, रडली नाही. "घरी गेल्यावर यू टेल देम. नाहीतर मी फोन करीन."

५ एप्रिल, शनिवार
काल आलो. धूळ. बाल्कनीचं दार बंद ठेवूनही पोळपाटावर पिवळा थर. श्रीने बॅगा रिकाम्या केल्या, कपडे घड्या घालून कपाटात ठेवले. माझे त्याच्या खणात, त्याचे माझ्या. मी नंतर बदलले.
उद्यापासून ड्यूटी.

६ एप्रिल, रविवार
गेला. बस खाली आली तेव्हा दारात म्हणाला, "काळजी करू नकोस, मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो." म्हणजे त्याला सगळं आठवतंय. म्हणजे काल त्या रूममेटला...
नाही, ते बुधवारी होतं. मीच विसरायला लागले.
दिवसभर फोन उताणा ठेवून शिकवलं. कुठे सायरन वाजला की मुलांना सोडून खिडकीशी.

९ एप्रिल, बुधवार
मकरंदला घरी बोलावलं, श्री फिरायला गेलेला असताना. आजाराचं नाव सांगितलं. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. म्हणाला, वीस तारखेपासून शटडाउन, दुरुस्तीसाठी प्लांट बंद. सगळं युनिट उघडणार, बाहेरून शेकडो माणसं येणार, जलीबच्या कामगारांच्या खोल्यांतून बसेस भरून. आणि परमिटचा प्रमुख म्हणून सरांचंच नाव लागलंय.
"तुम्ही सांगा ना वरती," मी म्हटलं.
त्याने घड्याळाकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "मी सांगितलं तर सरांची जागा मला मिळते, वहिनी. लोक म्हणतील, ह्यानेच काढलं. सरसुद्धा तेच म्हणतील. आणि खरं सांगू? मलाही मग तसंच वाटत राहील."
रागवता आलं नाही त्याच्यावर. पण मनात आलं, म्हणजे मीच.
श्री आला तेव्हा मकरंद चहा पीत होता. श्रीने त्याच्या पाठीवर थाप मारली, "काय रे, आज इकडे कसा?" मकरंदचा चहा बशीत सांडला.

११ एप्रिल, शुक्रवार
आज बोललेच. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून.
म्हटलं, रजा घे. आजारपणाची रजा. शटडाउन संपेपर्यंत तरी.
"शटडाउनला रजा? लोक हसतील."
"श्री, तो पंप चालू होता."
"कुठला पंप?"
सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, परक्या माणसाची गोष्ट ऐकावी तसं. मग म्हणाला, "मकरंद बोलला का? त्याला माझी खुर्ची हवीये." हे मकरंदला आधीच कळलं होतं.
"माझं काही चुकायला लागलं तर मला कळेल ना."
"नाही कळणार. तेच तर होतंय."
त्याने रिमोट टेबलावर सरळ करून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "इथे आलो तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती आणि डोकं होतं. बाकी सगळं त्या डोक्याने आणलं. तू म्हणतेस ते मी मान्य केलं तर उद्या सकाळी उठून मी काय करू?"
मी जवळ सरकले. हात धरला. त्याने धरू दिला, पण बोटं वळवली नाहीत.

१३ एप्रिल, रविवार
शाळेत रजा टाकली. श्रीची बस गेली, मग टॅक्सीने प्लांटच्या ऑफिसला. गेटवर पाससाठी ओळखपत्र दिलं. गार्डने नाव वाचून विचारलं, "इंजिनिअर श्रीकांतच्या मॅडम? बहोत अच्छे आदमी है." बरं म्हटलं आणि आत गेले.
मॅनेजर कुवेती, श्रीच्याच वयाचे. आमच्या घरी एकदा जेवून गेलेत, पुरणपोळी आवडली होती. त्यांना वाटलं काही कौटुंबिक अडचण, रजेचं काही. उठून खुर्ची दिली. मी डॉक्टरांचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. इंग्रजी पाठ करून गेले होते, सगळं विसरले. पोर्टोफिनोतलं तेवढं सांगितलं. पंपाचं सांगितलं, मकरंदचं नाव घेतलं नाही.
त्यांनी रिपोर्ट वाचला. चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही इथे आलायत हे त्यांना माहीत आहे?"
नाही.
"उद्या सकाळी मी त्यांना बोलावतो. तोपर्यंत साइटवर पाठवत नाही, आज ऑफिसातच काम देतो." थोडं थांबून म्हणाले, "तुमचं नाव मला घ्यावं लागेल. दुसऱ्या कुणी सांगितलं असं मी खोटं बोलू शकत नाही."
मी मान हलवली. इकाम्याचं, नोकरीचं काही विचारलं नाही. विचारायचं ठरवून गेले होते.
गेटवर पास परत दिला, ओळखपत्र घेतलं.

संध्याकाळी श्री नेहमीच्या वेळेला आला. खुशीत. "दिवसभर ऑफिसात बसवलं आज, एसीत. आणि उद्या आठला साहेबांनी स्वतः बोलावलंय. शटडाउनचं प्लॅनिंग असणार." कपाट उघडून दोन शर्ट काढले. कुठला घालू?
म्हटलं, निळा.
इस्त्री मीच घेतली हातात. तो शेजारी उभा राहून सांगत होता, यंदा युनिट कसं उघडायचं, आधी कुठला व्हॉल्व्ह, मग कुठला. क्रम बरोबर होता की नाही मला कळायचं कारण नाही. कॉलर झाली, बाह्या झाल्या. ऋचाचा फोन वाजत होता, मी घेतला नाही.
साहेबांच्या तोंडून कळण्याआधी त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. जेवायला बसलो की सांगते. आत्ता तो ताटं घेतोय.