कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा रुमाल

मंगळवार संध्याकाळ, स्नेहलतागंज

सई, मी बोलते तसंच माझ्या डायरीत उतरव, मधे अक्कल लावू नको. आज ऑनलाइन स्पर्धेत माझ्या नातीचा, म्हणजे तुझाच, गेम अटकत-अटकत चालला आणि तू हरलीस. की-बोर्ड सोडून कंट्रोलर धरला म्हणून हरले, म्हणत रडलीस. आता तो मैत्रिणीला देऊन टाकणार म्हणे.

पण बेटा, कंट्रोलरचा काय कसूर? धूळ बसू नये म्हणून फ्रिजसारखा कॉम्प्युटरलाही मीच क्रोशाचा रुमाल घातला. मागची जाळी झाकली गेली, डबा तव्यासारखा तापला, म्हणून गेम अटकला. नंतर मी गुपचूप रुमाल काढला. तू रडत होतीस, तरी बोलले नाही. इतकी भोकं त्या रुमालाला, हवा जाईल वाटलं मला.

पेन का थांबलं? रागाव हवं तेवढं, पण कंट्रोलर देऊ नको.