नाव नसलेल्या खुर्च्या आणि आपली वेबसाईट

मामाजी, तुमच्या बिछायत केंद्राची वेबसाईट मी केली आहे. वेबसाईट म्हणजे काय, हे सासऱ्याला कसं सांगावं याचा दोन दिवस विचार करत होते. गोडाऊनच्या दारावर आपला बोर्ड आहे ना, तसाच बोर्ड, पण लोकांच्या खिशात असतो. कोराडीच्या कॉलनीत बसलेला माणूस मोबाईल काढतो, मंडप, खुर्च्या, भांडी भाड्याने पाहिजेत असं लिहितो, आणि आपला बोर्ड त्याच्या तळहातावर उघडतो. त्यावर आपल्या गंजांचे, म्हणजे भाताच्या मोठ्या पातेल्यांचे फोटो आहेत, भाव आहेत, जरीपटक्याहून गोडाऊनकडे यायचा रस्ता आहे आणि माझा फोन नंबर आहे. सातवी शिकलेल्या तुमच्या सुनेनं हे साठी उलटल्यावर केलं. दुपारचं जेवण झालं की मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि त्यात कोणी पोरगा हिंदीत शिकवतो ते ऐकत ऐकत आपण तसंच करून बघायचं. चुकलं की पुसायचं. पीठ सैल झालं तर आपण काय करतो? वरून पीठ टाकतो. तसंच.

हे करावं का लागलं ते आधी सांगते. तुम्ही गेल्यानंतर लग्नं अंगणातून उठली आणि लॉनवर गेली. लॉनवाला मंडप देतो, स्टेज देतो, जेवण देतो, नवरीच्या बसण्याचं सिंहासनसुद्धा देतो. आपल्याकडे राहिले वाढदिवस, तेरव्या आणि एप्रिलच्या जयंतीला तुम्ही शिवून घेतलेल्या त्या निळ्या कनाती. तेवढ्यावर गोडाऊन चालत नाही. मागच्या वर्षी पार्सलवाली एक कंपनी आली, लोक घरबसल्या सामान मागवतात ते ठेवायला त्यांना जागा पाहिजे होती. तुमचा मुलगा खूश. पॉवर स्टेशनची नोकरी संपल्यापासून त्यांना सगळ्या गोष्टींत आराम दिसतो.

"काहून जिवाचं रान करून राहिली वं?" म्हणाले. "भाडं घे अन् घरी बस. बाबा असते तर त्यायनं बी हेच केलं असतं."

"बाबा असते तर त्यायनं तुमाले गोडाऊन झाडायले लावलं असतं," मी म्हटलं. "ही एक लगीनसराई मले द्या. फोन नाही वाजला तर चाबी मीच नेऊन देते त्यायले."

ते हसले, पण कबूल झाले. म्हणजे वेबसाईट चालली तर गोडाऊन राहणार, नाही चालली तर तुमचे गंज भंगारात जाणार, असा सगळा मामला होता.

आणि मामाजी, पहिली वेबसाईट मी मेटॅडोर भरतात तशी भरली. सगळ्यात वर बल्ल्या आणि लोखंडी पाइप. मग ताडपत्र्या. मग गाद्या, लोड, सतरंज्या. मग खुर्च्या, मग गंज, कढया, झारे. आणि सगळ्यात शेवटी, गाडीच्या मागच्या फाळक्याजवळ असावा तसा, पटकन हाताला लागेल असा फोन नंबर. मला वाटलं, काय सुरेख जमलं! रोज उघडून बघायची. फोन काही वाजेना. आडात पाणी आहे, पोहराही आहे, मग वर काहीच का येत नाही? एक दिवस चहाच्या वेळी तुमच्या मुलानं मोबाईल घेतला आणि अंगठ्यानं पान वर सरकवत बसले. सरकवताहेत, सरकवताहेत.

"अंगठा दुखला वं माझा. तुझा नंबर हाय तरी कुठं?"

"खाली हाय. शेवटी."

"शेवटी काहून?"

"जे आधी लागते ते शेवटी भरायचं. तुमच्याच बाबांनी शिकवलं."

त्यांना हसता हसता ठसका लागला. पाठ चोळावी लागली मला. मग म्हणतात कसे, "अवं, मोबाईलचा फाळका वरून उघडते!"

खरं सांगते, मला राग आला नाही. मला तो कुहीकडच्या लग्नाचा दिवस आठवला. मी पहिल्यांदा एकटीनं मेटॅडोर भरून दिला होता आणि मोठ्या हौसेनं लाल सोफा आणि अंथरायची नवी दरी फाळक्याशी ठेवली होती, म्हणजे गावात शिरल्याबरोबर लोकांना दिसावी. गंज आणि कढया पार केबिनच्या मागे. तुम्ही फाळका उघडता, आणि भट्टीजवळ उकिडवा बसलेला आचारी सोफ्याकडे बघून म्हणतो, "मालक, आता मी या सोफ्यावर भात शिजवू का?" सगळे हसतात. मी पदर तोंडाशी धरून उभी आहे. तुम्ही धोतर खोचून स्वतः सामान उतरवता, सोफा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर ठेवता आणि गंज बाहेर काढता. नंतर चहाचा कप माझ्या हातात देऊन एवढंच म्हणता, "सूनबाई, वरात उशिरा आली तर चालते. आचारी बसून राहिला तर सारं गाव उपाशी बसते. फाळका उघडल्यावर पयले काय लागन, हे भरतानाच सुचलं पाहिजे." तुमचं रागावणं असंच असायचं, चहाबरोबर मिळायचं. त्याच दिवशी माझ्या पायात बांबूची फास गेली होती, मी लंगडत होते, ते तुम्ही बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी जरीपटक्याच्या बाजारातून माझ्यासाठी कॅन्व्हासचे बूट आणलेत. बायकांच्या पायाचे मिळेनात म्हणून पुरुषांचे, सगळ्यात लहान. लुगड्याखाली बूट घालून मी गोडाऊनात निघाले तेव्हा समोरची म्हातारी ओरडली, "सासऱ्यानं सुनेले बूट घेतले गा! आता पॅन्टही घेईन!" आणि तुम्ही सायकलवरून न उतरता म्हणालात, "घेईन. तुले काही तरास?" माझ्या बापानं मला इतकं जपलं असेल, पण अशी बाजू कोणी घेतली नव्हती.

तर मी सगळं पान उलटं केलं. फोन नंबर वर, मोठा, बोट ठेवलं की लागेल असा. त्याखाली तुमचे ते प्रश्न. गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी तुम्ही विचारायचे, माणसं किती, अंगण केवढं, पाणी कुठून येणार, पंगत बसणार की उभ्यानं जेवणार. मी तेच लिहिलं. नंतर मोबाईलमधला तो पोरगाही सांगत होता, आपली बढाई कमी करा, गिऱ्हाइकाची अडचण आधी विचारा. मी म्हटलं, बाबू, हे तर मी भांडी मोजता मोजता ऐकलंय. फोटोंचंही तसंच. तुमचा मुलगा म्हणत होता, मोबाईलमधून झुंबराचे भारी फोटो घेऊन लाव. पण जे गोडाऊनात नाही ते बोर्डावर कसं येणार? मी गंज चिंच लावून घासले, उन्हात मांडले आणि त्यांचे फोटो काढले. सामान परत आणायला गेल्यावर तुम्ही विचारायचे, "काही कमी पडलं का गा?" मीही विचारते, आणि नाही म्हणाले की म्हणते, मग तेवढं मोबाईलवर लिहा. कोणी लिहितं, कोणी विसरतं. एकानं लिहिलं, गंज चकाचक, काकू कडक. तुमच्या मुलानं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

फोन येऊ लागले. पूर आला नाही, पण नळाला पाणी यावं तसे येऊ लागले. निळ्या कनातीचा फोटो बघून दोन विहारांतून बोलावणं आलं. अशातच एका दुपारी एका बाईचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "काकू, तुमच्याकडच्या खुर्च्या लग्नालेच भेटतात का फक्त?"

मी आपली नेहमीच्या तोऱ्यात. "खुर्चीले काय माहीत बाई, तिच्यावर कोण बसलं ते?"

मग ती म्हणाली, "माझे बाबा गेले सकाळी."

नव्या फ्लॅटांच्या बिल्डिंगमध्ये राहणारी बाई. माणसं जमली होती, म्हातारे लोक पार्किंगमध्ये गाड्यांना टेकून उभे होते, आणि ती मोबाईलवर खुर्च्या शोधत होती. मी पत्ता विचारला आणि फोन ठेवला. गोडाऊनच्या मागच्या भिंतीकडे गेले.

त्या खुर्च्या तिथंच आहेत, मामाजी. आपल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर, गंजाच्या काठावर, कनातीच्या कोपऱ्यावर आपलं नाव रंगवलेलं आहे, नाहीतर लग्नघरातून काय परत येईल! पण मागच्या भिंतीच्या खुर्च्यांवर तुम्ही कधी नाव घालू दिलं नाही. त्या फक्त मयतीच्या घरी जायच्या. कोणी गेल्याची बातमी आली की मागायची वाट बघायची नाही. ताडपत्री, दरी, पाण्याची कोठी आणि त्या खुर्च्या ठेल्यावर टाकून मागच्या गल्लीनं न्यायच्या. भाडं नाही. तेरवी असो की पुण्यानुमोदन, सगळं आटोपल्यावर परत आणायच्या, आणि आणताना मोजायच्या नाहीत. लग्नघरी चमचा चमचा मोजणारे तुम्ही! एकदा बोर्ड रंगवणारा म्हणाला, मालक, अंत्यविधीला मोफत अशी एक ओळ टाकतो, लोकांत नाव होईल. तुम्ही त्याच्या हातातून ब्रश काढून घेतलात. "दुःखात बसलेल्या माणसाच्या पाठीमागं आपलं नाव कशाले पाहिजे गा? तो काय आपली जाहिरात करायले बसला हाय?" तेव्हापासून त्या गोष्टीचा कुठं उच्चार नाही. गल्लीला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

ती बाई नंतर स्वतः गोडाऊनला आली. ठेलेवाल्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून. मी तिला पाणी दिलं, बसवलं. म्हणाली, "काकू, तुम्ही हे लिहीत काहून नाही? सारं लग्नाचंच लिहून हाय. फोटोत फुलं, लायटिंग. मी नंबर काढून किती वेळ नुसती बसली होती. मले वाटलं, असल्या जागी मयतीचं कसं विचारू?"

ती गेली आणि मी तिथंच बसून राहिले. तुमच्या वेळी गल्ली सांगायची, तुम्हाला सांगावं लागत नव्हतं. या फ्लॅटांत शेजारच्या दारामागे कोण राहतं हे माहीत नाही. मग त्या खुर्च्या भिंतीशी ठेवून मी कोणासाठी राखत होते? पण लिहायचं म्हणजे आपल्याच बोर्डावर लिहायचं, आपल्याच नावाखाली. तिथं बिननावाची जागा नसते, मी शोधून बघितली.

तुमचा मुलगा ऐकून म्हणाला, "बाबांनी ब्रश काढून घेतला होता वं. मी तिथंच उभा होतो."

"माहीत हाय मले."

"मग?"

"मग काय. तिचे लोक गाडीले टेकून उभे होते."

मी लिहिलं. फोन नंबरच्या लगेच खाली, साध्या अक्षरात, फोटो नाही, फूल नाही: घरी कोणी गेलं असेल तर फक्त फोन करा, बाकी आम्ही बघू. मोफत हा शब्द टाकला नाही. तेवढं तुमचं ऐकलं. खुर्च्या अजून बिननावाच्याच जातात, अजून मोजत नाही.

फोन येतात, मामाजी. लोक नीट बोलू शकत नाहीत, मी फक्त पत्ता विचारते. आणि लगीनसराई लागली तसे दुसरेही फोन आले. "काकू, आमच्या आजीच्या वेळी तुम्ही खुर्च्या पाठवल्या होत्या, आता बहिणीचं लग्न हाय." एक, मग आणखी एक. ज्या घरांत दुःखाच्या वेळी गेलो तीच घरं आता मंडप मागतात, आणि लॉन सोडून बिल्डिंगच्या आवारात करू म्हणतात. मी पूर्ण भाडं घेते आणि चमचे मोजते. पार्सलवाल्यांनी दुसरीकडं जागा बघितली. चाबी माझ्याच कमरेला आहे. तुमचा मुलगा आता फोन उचलतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, अंगण केवढं हाय? तुमच्यासारखाच आवाज येतो, मी स्वयंपाकघरात थबकते. हे सगळं तुमच्याकडून आलं, माझं त्यात फक्त बोट आहे.

हे मी वेबसाईटच्याच एका कोऱ्या पानावर लिहिलं, कारण टाईप करायचं मला तिथंच येतं. खाली एक निळं बटन आहे, ते दाबलं की जगाला दिसतं. ते मी दाबणार नाही. मी सगळ्यांना सांगते की ती ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं ती बाई होती. होतीच. पण गोडाऊनही होतं. मनात आलं होतं, यानं आपलं नाव होईल, आणि ते मनात आल्यावरही माझा हात थांबला नाही. तुम्ही असता तर ती ओळ पुसायला सांगितली असती. तुमचं सगळं ऐकलं मी, मामाजी. पण ती ओळ मी पुसली नसती.