शिरीषाविरुद्धचा अर्ज

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुमच्या खिडकीसमोरचा शिरीष येत्या बारा तारखेला सकाळी तोडायचा हुकूम निघाला आहे. फाइल काल आमच्या उद्यानखात्यात माझ्या टेबलावर आली. तिला एकच अर्ज जोडलेला आहे, आणि तो तुझा आहे. पाचोळ्याने गटार तुंबून पाणी घरात शिरतं, सबब झाड काढून टाकावं. अक्षर लगेच ओळखलं. शेवटी आमच्या खात्याला चार खडे बोलही आहेत.

भाऊजींची माडीवरची खोली पश्चिमेची, वर पत्रा, त्यात त्यांचा दमा. सावली गेली तर काय होईल, हे तुला सांगायला नको. अर्जदाराने स्वतः अर्ज मागे घेतला तरच हुकूम थांबेल. मी सख्खा भाऊ, मला फाइलीला हात लावता येत नाही. माघार घेणं तुला किती जड जातं, हे ठाऊक असूनही लिहितो आहे.

तुझी बोलणी खायला कायम तयार,
धाकटा

ता. ७ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.
तो अर्ज तीन वर्षांपूर्वीचा, घरात पाणी शिरलं त्या संध्याकाळचा. गटार अजून तसंच आहे, करवत मात्र निघाली. तुमच्या खात्याची कमाल आहे.

काल दुपारी दोनला थर्मामीटर ह्यांच्या खिडकीत टांगलं. चौतीस. मग गल्लीच्या झाड नसलेल्या टोकाला नेलं. एकेचाळीस. दोन्ही आकडे लिहून, अर्ज मागे घेते असं सही करून आज कचेरीत दिलं. कारकुनाने शांतपणे विचारलं, मग पाचोळ्याचं काय करायचं, बाई? त्याचं लेखी उत्तर द्यायला हवं. उद्या पुन्हा जाते. ह्यांना काही सांगितलेलं नाही. सारखी झाडाकडे काय बघतेस, म्हणून विचारत होते.

काळजीत असलेली,
ताई

ता. १३ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.
काल सातलाच माणसं दोर आणि करवत घेऊन आली. मी अर्ज मागे घेतल्याची पोच दाखवली. मुकादम म्हणाला, पोच चालत नाही, वरचा कागद हवा. मी बुंध्याला टेकून उभी राहिले, तरी खिडकीकडची एक फांदी त्यांनी उतरवलीच. लख्ख उजेड थेट ह्यांच्या अंथरुणावर आला. ते उठून खिडकीशी आले आणि त्यांना सगळं कळलं. माझ्या अर्जासकट.

सव्वानऊला शिपाई कागद घेऊन सायकलवरून आला. हुकूम रद्द, पण मी कारकुनाला लिहून दिलेल्या अटीवर: गटारावरचा पाचोळा अर्जदार रोज स्वतः काढील.

आज पहाटे झाडायला लागले. कंबर मोडली. घरात जायला वळले, तर वरून हाक आली, कोपऱ्यात अजून दोन पानं राहिली आहेत म्हणून. तीन वर्षांत ह्यांचा आवाज रस्त्यापर्यंत पोचला नव्हता. मी परत जाऊन ती दोन पानं उचलली.

लांब दांड्याचा झाडू पाठव. माया आहे तशीच असू दे.
तुझी ताई